वर्दीतल्या हाताला परवाना, बाकीच्या हातांना काय?

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एका सोसायटीच्या फाटकावर एक निवृत्त हवालदार निळा गणवेश घालून बसलेले असतात. अठरा वर्षे त्यांनी फौजेत अवजड ट्रक चालविले. लडाखच्या घाटात, बर्फात, चाकांना साखळ्या बांधून चालविले. आज ते फाटकाची कडी काढतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितात. आम्ही एकदा विचारले, "काका, एवढी गाडी चालवली, मग इथं लायसन का नाही काढलं?" काका म्हणाले, "होतं की फौजेचं. हितं चालत नाही म्हणाले. शिकाऊपासून काढा म्हणाले. पन्नाशीला आलेल्या माणसानं शिकाऊ लायसन काढायचं? म्हटलं, जाऊ द्या."

हवालदारांना जे सांगण्यात आले ते अर्धे खरे होते. उरलेले अर्धे कायद्याच्या कोणत्या कलमात दडून बसले आहे ते पुढे येईलच. परंतु त्याआधी वाचकांना थोडे दूर, अमेरिकेत घेऊन जाणे आम्हाला आवश्यक वाटते. सैनिकाच्या हातातली कला वर्दी उतरवली की रद्द कशी होते, किंवा बदलीमुळे राज्याची सीमा ओलांडली की अवैध कशी ठरते, या प्रश्नावर तेथे गेली काही वर्षे कायदे झाले आहेत, कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी, कारण त्यात आपल्या समाजाच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला आहे.

अमेरिका हे पन्नास राज्यांचे संघराज्य आहे. कोणत्या धंद्याला परवाना लागतो, तो कोणी द्यायचा, किती तास शिकल्यावर द्यायचा, हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. परिचारिका, शिक्षक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, न्हावी, केशभूषा करणारी बाई, दात साफ करणारी सहायक, या सर्वांची राज्याराज्यांत वेगवेगळी मंडळे आहेत आणि प्रत्येक मंडळाची फी वेगळी. १९५० च्या सुमारास तेथल्या शंभर कामगारांपैकी पाचापेक्षा कमी लोकांना असा राज्याचा परवाना लागत असे. २००८ पर्यंत हे प्रमाण सुमारे पंचवीसवर गेले. म्हणजे चारांतला एक माणूस सरकारी कागदाशिवाय आपले काम करू शकत नाही.

आता सैनिकाची गोष्ट घ्या. सैनिकाची बदली त्याच्या मर्जीने होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी हुकूम येतो, बिऱ्हाड उचलावे लागते. त्याची बायको परिचारिका असेल तर जुन्या राज्यातला तिचा परवाना नव्या राज्यात कागदाचा तुकडा ठरतो. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा जुन्या शाळेची, जुन्या परीक्षेची प्रमाणपत्रे मागवा, पुन्हा सहा-सहा महिने वाट पाहा. परवाना हातात पडेपर्यंत पुढच्या बदलीचा हुकूम दारात उभा! तेथल्या सरकारच्या २०१२ च्या अहवालात असे नमूद आहे की नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सैनिक-जोडीदारांपैकी सुमारे ३५ टक्के लोक परवाना अथवा प्रमाणपत्र लागणाऱ्या व्यवसायांत आहेत. आणि वर्षभरात राज्य बदलावे लागण्याचे त्यांचे प्रमाण सामान्य नागरिकांच्या तुलनेत दहापट आहे.

यावर प्रथम राज्यांनी उपाय केले. काहींनी सहा महिन्यांचा, काहींनी वर्षभराचा तात्पुरता परवाना देण्यास सुरुवात केली. तुम्ही कामाला लागा, कागदपत्रे आम्ही मागाहून तपासू, असा त्याचा अर्थ. परंतु राज्यागणिक नियम निराळे राहिले. अखेर ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. लष्करी हुकमाने दुसऱ्या राज्यात जावे लागलेल्या सैनिकाचा किंवा त्याच्या जोडीदाराचा व्यवसाय-परवाना तो हुकूम असेपर्यंत नव्या राज्यातही वैध मानला जाईल, असे त्यात ठरले. अटी साध्या होत्या. बदलीच्या हुकमाची प्रत द्यायची, जुना परवाना डागाळलेला नसावा, तो आधीच्या दोन वर्षांत वापरात असावा आणि नव्या राज्यातले शिस्तीचे नियम मान्य करायचे. वकिलीचा परवाना तेवढा त्यातून वगळला होता. (कायदा करणाऱ्यांत वकील फार असतात, हे आम्ही येथे जाता जाता नोंदवून ठेवतो.)

कायदा झाला म्हणजे अंमलबजावणी झाली असे कधी होते काय? आपल्याला याचा अनुभव आहे आणि अमेरिकेलाही आला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये हवाई दलातील कर्मचाऱ्याच्या पत्नीला कोर्टाची पायरी चढावी लागली. ती शाळेत विद्यार्थ्यांची समुपदेशक. दोन राज्यांचे परवाने तिच्यापाशी होते. टेक्सासच्या शिक्षण खात्याने ते मानले नाहीत. केंद्र सरकारच्या न्याय विभागाने तिच्या बाजूने कोर्टात निवेदन दाखल केले आणि फेडरल न्यायालयाने २०२३ च्या उन्हाळ्यात निकाल दिला की केंद्राचा कायदा राज्याच्या खात्याला पाळावाच लागेल. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कायद्यात आणखी बदल झाला. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत मान्यता देणे खात्याला जमले नाही, तर खाते तात्पुरता परवाना देऊ शकते, आणि या तात्पुरत्या परवान्याला कायम परवान्याचेच हक्क, तीच जबाबदारी असेल, अशी ती तरतूद आहे.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहिले. तात्पुरता, पण हक्क कायमवाल्याचेच! आपल्या देशात 'तात्पुरता' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय येते? वीस वर्षे तात्पुरता असलेला कंत्राटी सफाई कामगार. समान काम, निम्मा पगार, ना रजा, ना विमा. तात्पुरता म्हणजे हक्क नसलेला, हा अर्थ आपल्याकडच्या व्यवस्थेने या शब्दाला चिकटवून टाकला आहे. तसा तो अर्थ नाही. काम आजच सुरू व्हावे आणि कागद मागून यावा, एवढ्यापुरतीच ती सोय असते.

पण आमचा मुद्दा याच्याही पुढचा आहे. ज्या दिवशी सरकारने मान्य केले की टेक्सासबाहेरची परिचारिका टेक्सासमध्ये येताक्षणी सलाइन लावायला विसरत नाही, त्या दिवशी एक फार मोठी कबुली दिली गेली. मधली जी भिंत होती ती रुग्णाच्या रक्षणासाठी नव्हती, निदान सगळी नव्हती. नाहीतर सैनिकाच्या बायकोसाठी ती पाडता आली नसती. मग जिचा नवरा सैनिक नाही, जी पोट भरण्यासाठी स्वतःच राज्य सोडून आली, तिने काय पाप केले? तिच्या हातांना काय कमी येते? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याला हा प्रश्न पडला असावा. सैनिकांच्या जोडीदारांसाठी तेथे आधीपासून जी सोय होती, तीच २०१९ मध्ये त्या राज्याने बाहेरून राहायला येणाऱ्या प्रत्येकासाठी खुली केली. असे करणारे ते पहिले राज्य. नंतर इतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली. दार प्रथम वर्दीसाठी उघडले, आणि एकदा उघडल्यावर ते बाकीच्यांसाठी बंद ठेवायला सबब उरली नाही.

वर्दीसाठी तरी ते दार सर्वांना सारखे उघडले होते काय? इतिहास सांगतो की नव्हते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. तेव्हापासून तिकडच्या काळ्या माणसाचे काय झाले हे पाहणे आपल्या चळवळीला परके नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या अमेरिकन फौजांना पेट्रोल, दारूगोळा आणि अन्न पोहोचवणारी ट्रकची एक अखंड माळ चालू होती. 'रेड बॉल एक्सप्रेस' हे तिचे नाव. भरात असताना सुमारे सहा हजार ट्रक. तिचे चालक, साधारण चारांतले तीन, काळे होते. फौजेत त्यांना गोऱ्यांच्या पंक्तीला बसता येत नव्हते. फौजेतली ही अस्पृश्यता मोडणारा अध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश निघाला तो २६ जुलै १९४८ रोजी. पण ट्रक चालवायला, इंजिन खोलून बसवायला काळा हात चालत होता.

हेच लोक परत आले तेव्हा काय झाले? परतलेल्या सैनिकांना शिक्षण, कर्ज आणि रोजगार मिळवून देणारा प्रख्यात जी. आय. बिल हा कायदा १९४४ सालीच झाला होता. कायद्याच्या अक्षरांत रंग नव्हता. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या आणि स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होती. मिसिसिपी राज्यात ऑक्टोबर १९४६ पर्यंत रोजगार कार्यालयांनी माजी सैनिकांना ज्या बिगरशेती नोकऱ्या मिळवून दिल्या, त्यांपैकी कुशल व अर्धकुशल कामांतल्या ८६ टक्के जागा गोऱ्यांना गेल्या, आणि अकुशल कामांतल्या ९२ टक्के जागा काळ्यांना! १९४७ मध्ये त्याच राज्यात माजी सैनिकांना सरकारी हमीने दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांच्या वाट्याला आली फक्त दोन. फौजेने मेकॅनिक केलेल्या माणसाच्या हातात गावाने पुन्हा फावडे दिले. आमच्या वाचकांना हे फोड करून सांगण्याची गरज नाही.

परवान्याच्या नावाखाली अशी दारे कशी बंद होतात, त्याचा एक नमुना अलीकडचाच आहे. आफ्रिकन पद्धतीने केसांच्या बारीक वेण्या विणणे ही काळ्या स्त्रियांची आईकडून मुलीकडे आलेली कला. ना त्यात कात्री, ना रसायन. तरीही अनेक राज्यांत तिला सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागे, म्हणजे पंधराशे तासांचे शिक्षण, ज्यात वेण्यांचा धडा जवळपास नसेच. टेक्सासमध्ये १९९७ साली एका काळ्या स्त्रीला परवान्याशिवाय वेण्या घातल्या म्हणून अटक झाली होती. पुढे तिने ही कला शिकविण्याची शाळा काढायची ठरविली, तर राज्याने सांगितले की न्हावीकामाच्या शाळेचे नियम पाळा: दोन हजार चौरस फूट जागा, दहा न्हावी-खुर्च्या आणि दर दोन खुर्च्यांमागे एक सिंक. वेण्या विणायला पाणी लागतच नाही! ती कोर्टात गेली. जानेवारी २०१५ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी हे नियम घटनाबाह्य ठरविले, आणि त्याच वर्षी राज्याने वेण्यांसाठीचा परवानाच रद्द केला.

येथे एक खुलासा करणे क्रमप्राप्त आहे. परवाना ही गोष्टच नको, सर्व काही बाजारावर सोडा, असे म्हणणारी मंडळी अमेरिकेत आहेत आणि असल्या खटल्यांत ती पुढे असतात. आम्ही त्यांच्या पंगतीत बसत नाही. विजेचे काम अडाणी हातांनी करू नये, सुई टोचणाऱ्याला शरीर ठाऊक असावे, हे आम्हाला मान्य आहे. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराला बाजाराच्या हवाली केले नाही. कामाचे तास, कल्याण, प्रशिक्षण यांसाठी कायद्याचा आधार दिला. आमचे म्हणणे इतकेच की परवान्याने हात तपासावा, माणसाचा जन्म, त्याचे गाव, त्याची ओळख, त्याच्या खिशातली फी तपासू नये.

आणि परवान्याने जन्म तपासणे म्हणजे काय, हे जगात आपल्याइतके कोणाला कळणार? जातिव्यवस्था हे दुसरे काय आहे? जन्मतःच दिलेला धंद्याचा परवाना, ज्याचे नूतनीकरण नाही, बदली नाही, हस्तांतरण नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' मध्ये दाखवून दिले की ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. या विभागणीचा आजचा पुरावा हवा असेल तर एकच पाहा. जेथे पैसा आणि प्रतिष्ठा आहे तेथे पन्नास प्रकारचे परवाने आहेत. गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाला मात्र कोणी कधी विचारले काय, की बाबा, तुझ्यापाशी प्रमाणपत्र आहे का, विषारी वायूचे प्रशिक्षण झाले आहे का, मुखवटा आहे का? त्याच्या आडनावाकडे पाहिले आणि झाकण उघडून दिले. २०१३ चा कायदा झाल्यानंतरही माणसे गटारात गुदमरून मेली आहेत.

या व्यवस्थेत आपल्या माणसाला हातातल्या कौशल्याचा पहिला सरकारी कागद मिळाला तो फौजेत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेच्या शाळेत शिकले, शिक्षक झाले, चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. महूच्या छावणीत मुख्याध्यापक असलेला हा माणूस फौजेबाहेर आला आणि पुढे सातारा जिल्ह्यात कॅशियरच्या कामावर दिसतो. त्यांना भेटायला १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरला तेव्हा गाडीवानाने बाट लागेल म्हणून बैलगाडी हाकायला नकार दिला. अखेर दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनी हाकली आणि गाडीवान बाजूने चालत गेला. फौजेतल्या मुख्याध्यापकाची मुले, पण गावच्या रस्त्यावर त्यांची ओळख एकच. छावणीत कमावलेले छावणीबाहेर चालत नाही, याचा याहून बोलका दाखला आम्हाला माहीत नाही.

तोही आधार १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद करून इंग्रजांनी काढून घेतला. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत निवेदन पोहोचविले. पहिल्या महायुद्धात पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती या अर्धशतकाच्या झगड्यानंतर. केवळ बंदूक हातात मिळावी म्हणून हा झगडा नव्हता. पगार, पेन्शन, अक्षरओळख आणि एखादे हुन्नर, हे सर्व त्या भरतीच्या दारातून येत होते.

आणि युद्धानंतर? येथे आपल्याच इतिहासातले एक पान उघडून पाहण्यासारखे आहे, जे आमच्या अनेक कार्यकर्त्यांच्याही नजरेतून सुटलेले दिसते. जुलै १९४५ मध्ये भारत सरकारच्या मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. फौजेतून मोकळे होणारे सैनिक आणि युद्धाच्या कारखान्यांतून सुटणारे कामगार यांना नागरी कामधंद्याला लावणे, हे त्याचे काम. त्या खात्याचे सदस्य, म्हणजे मंत्री, होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यातूनच देशभर रोजगार विनिमय केंद्रे उघडली. १९४८ च्या सुरुवातीस ही केंद्रे सर्वच बेकारांसाठी खुली करण्यात आली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायला पहाटेपासून रांगा लावणाऱ्या आमच्या बापजाद्यांना ते दार कोणासाठी उघडले गेले होते हे माहीत नसेल. ते सैनिकासाठी उघडले होते. तीन वर्षांत ते सर्वांचे झाले. ॲरिझोनाने २०१९ मध्ये जे केले त्याची चाल आपल्या घरात सत्तर वर्षे आधी चालून झाली होती.

आता हवालदारांच्या लायसनकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८. संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांवरील चालकांना फौजेचे अधिकारी लायसन देतात, आणि त्या लायसनवर फक्त तीच वाहने चालविता येतात. म्हणजे 'हितं चालत नाही' हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये चाचणीसंबंधी जे परंतुक आहे ते सांगते की अर्जदाराकडे त्या वर्गाच्या वाहनाचे कलम १८ खालचे लायसन आहे किंवा पूर्वी होते, असा पुरावा त्याने दिला तर पुन्हा वाहन चालविण्याची चाचणी घेण्याची आवश्यकता नाही. म्हणजे कायद्याने पूल बांधलेला आहे! हवालदारांना फौजेतून सुटताना तो कोणी दाखविला नाही, खिडकीमागच्या बाबूने सांगितला नाही, आणि आपण चळवळवाल्यांनीही सांगितला नाही. अमेरिकेत केंद्राने २०११ मध्ये अशीच तरतूद केली. दोन वर्षे लष्करी ट्रक चालविलेल्याला अवजड वाहनाची प्रत्यक्ष चाचणी माफ करण्याची मुभा राज्यांना दिली. तेथे या सवलतीची जाहिरात होते. येथे ती कलमात झोपलेली आहे.

ड्रायव्हरसाठी निदान झोपलेला का होईना पूल आहे. इतरांचे काय? फौजेत रेडिओ दुरुस्त करणारा, पूल बांधणारा, जनरेटर चालविणारा, जखमीची शुश्रूषा करणारा, शंभर माणसांचा स्वयंपाक करणारा, यांच्या हातातली कला आपल्या राज्यांची मंडळे जशीच्या तशी मानत नाहीत. वायरमनचा परवाना राज्य देते. परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेत. एका राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा दुसरे राज्य मानेलच असे नाही. मग नागपूरची शिकलेली मुलगी जवान नवऱ्याबरोबर पंजाबात गेली की घरी बसते. पंधरा वर्षे सेवा केलेल्या दहावी पास सैनिकाला केंद्राच्या गट क च्या, पदवी लागणाऱ्या पण तांत्रिक नसलेल्या जागांसाठी पदवीधरासमान धरतात, हे चांगलेच आहे. पण ती सोय कारकुनीसाठी झाली. हुन्नराचे कोडे तसेच राहिले. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठाने नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन 'फिजिशियन असिस्टंट' हा नवाच अभ्यासक्रम काढला. आज तो तेथल्या आरोग्यसेवेतला मानाचा, भरपूर पगाराचा पेशा आहे. फौजेत शिकलेल्या हातांतून एक अख्खा व्यवसाय जन्माला येऊ शकतो.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण अग्निवीर. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षे सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे घरी. घरी जाताना सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. योजनेचे समर्थक सांगतात की अमेरिकेतही शिपाई थोड्या वर्षांच्या करारावरच भरती होतो. बरोबर आहे, होतो. मग उरलेली अमेरिकाही आणा ना! तेथे तीन वर्षे सेवा करून सन्मानाने सुटलेल्याला २००९ पासून लागू असलेल्या कायद्याखाली ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. बदली झाली तर व्यवसायाचा परवाना बरोबर चालतो. ट्रकची चाचणी माफ होऊ शकते. आपल्याकडे अग्निवीराला 'कौशल्य प्रमाणपत्र' देऊ म्हणून जाहीर केले आहे, दहावी पास मुलाला मुक्त विद्यालयाचे बारावीचे प्रमाणपत्र, इग्नूच्या पदवीत फौजेतल्या शिक्षणाचे निम्मे श्रेयांक. कागद वाईट नाहीत. प्रश्न असा की त्या कौशल्य प्रमाणपत्राकडे पाहून महाराष्ट्रातले कोणते मंडळ वायरमनचा परवाना देण्यास बांधील आहे? तसे बांधून घेणारा कायदा नसेल तर त्या प्रमाणपत्राला फ्रेम करून भिंतीवर लावण्यापलीकडे उपयोग नाही.

पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या प्रारंभी दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होत जातात. आमच्या वस्त्यांतून, तांड्यांवरून पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे त्यांत आहेत. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा चार वर्षांचे हुन्नर घेऊन परत येईल. ज्याच्या बापाचा कारखाना आहे त्याला प्रमाणपत्राची गरज नाही. ज्याचा काका कंत्राटदार आहे त्याला ओळख पुरते. ज्याच्यापाशी ओळख नाही, जमीन नाही, भांडवल नाही, त्याचा सगळा जीव त्या कागदात असतो. म्हणून परवान्याचा प्रश्न आपला आहे, इतरांपेक्षा अधिक आपला आहे.

राज्य सरकारने एवढे तरी करावे. फौजेतील प्रत्येक तांत्रिक कामासमोर राज्यातला कोणता परवाना, याची यादी करून ती राजपत्रात छापावी. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत निर्णय द्यावा, न झाल्यास कायमच्याच हक्काचा तात्पुरता परवाना द्यावा. उणीव असेल तर उणिवेपुरतीच परीक्षा घ्यावी, शिकाऊपासून सुरुवात करावयास लावू नये. आणि हीच यादी, हीच तीस दिवसांची अट, वर्दी कधीच न घातलेल्या, पण बापाच्या हाताखाली वीस वर्षे वायरिंग शिकलेल्या, बाळंतपणे करता करता म्हातारी झालेल्या, परराज्यातून आलेल्या हातांनाही लागू करण्याची तारीख त्याच राजपत्रात असावी. सैनिकासाठी उघडलेली रोजगार केंद्रे १९४८ साली सर्वांना खुली झाली तशी.

आमदारांना निवेदने जातील तेव्हा जातील. तूर्त आमच्या शाखांनी एक काम हाती घ्यावे. प्रत्येक बुद्धविहाराच्या फलकावर मोटार वाहन कायद्याचे कलम ९ आणि कलम १८ मराठीत लिहून लावावे. फौजेतून सुटणाऱ्या प्रत्येक मुलाला आधीच निरोप द्यावा की तुकडी सोडण्यापूर्वी लष्करी लायसनची साक्षांकित प्रत, किती वर्षे कोणते वाहन चालविले त्याचा दाखला आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मागून घे. मागाहून ती मिळविण्यात वर्षे जातात. हवालदारकाकांना आम्ही परवा कलम ९ ची प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घालून नंबरांच्या वहीत ठेवली आणि म्हणाले, "सोमवारी सुट्टी काढतो. तुम्ही याल का बरोबर?" सोमवारी आम्ही जाणार आहोत.